किल्ली लामाकडे, लामा शेतात : स्पितीची गावं आणि गोंपा समजून घेताना

स्पितीतल्या लालुंग गावी पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि गोंपाच्या, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाच्या, दाराला कुलूप होतं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. खाली मटारच्या शेतात एक बाई खुरपत होत्या. त्यांना हिंदीत विचारलं, ‘लामाजी कुठे भेटतील?’ त्यांनी हातातल्या खुरप्यानेच वरच्या अंगाला खूण केली. ‘आज त्यांच्या घरची पाण्याची पाळी आहे. येतील.’ पाऊण तासाने लामाजी आले. मरून रंगाचा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायांत चिखलाने माखलेले रबरी बूट, खांद्यावर फावडं. फावडं भिंतीला टेकवलं, बादलीतल्या पाण्याने हात धुतले, झगा सोडून नीट केला आणि कमरेच्या दोरीची किल्ली काढून दार उघडलं. आत अंधारात भिंतभर मातीच्या मूर्ती होत्या, सोनेरी मुलाम्याच्या, शेकडो वर्षं जुन्या.

तोवर मी गोंपा म्हणजे देऊळ आणि लामा म्हणजे तिथला पुजारी असं धरून चाललो होतो. बरेच जण तसंच धरून जातात. मग ‘की झालं, ताबो झालं, धनकर राहिलं’ असं एकेक गोंपा मोजत आठ दिवस सरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या गोंपाशी आल्यावर सगळे सारखेच दिसू लागतात. लालुंगच्या त्या दुपारनंतर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. स्पितीत गाव आणि गोंपा ही एकाच घराची दोन अंगं आहेत. एक भाऊ शेतावर, दुसरा गोंपात. त्यामुळे गोंपा समजून घ्यायचा तर सुरुवात शेतापासून करावी लागते.

जमीन थोडी, पाणी त्याहून थोडं

स्पिती हे हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्याचं तिबेटला लागून असलेलं खोरं. काझा हे इथलं मुख्य ठिकाण साधारण 3,650 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. पावसाळी ढग दक्षिणेकडच्या डोंगररांगांतच अडतात, त्यामुळे स्पितीला पाऊस फार कमी. जे काही पाणी आहे ते हिवाळ्यात पडलेल्या बर्फाचं. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, ओढ्यांना येतं, आणि माणसांनी डोंगराच्या कुशीतून कोरत आणलेल्या पाटांनी गावापर्यंत पोहोचतं. या पाटांना तिथे ‘कूल’ म्हणतात. कूल जिथे संपते तिथे हिरवा रंगही संपतो. वरून पाहिलं तर तपकिरी डोंगरावर कुणी हिरवं ठिगळ लावल्यासारखं गाव दिसतं. त्या ठिगळाची कड म्हणजे पाण्याची हद्द.

वर्षातून एकच पीक निघतं. एप्रिल-मेमध्ये पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी, बाकी थंडी. जुनी पिकं म्हणजे सातू आणि काळा वाटाणा. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि पाण्यावरचा मूळ हक्क गावातल्या जुन्या घरांचा. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसमच्या काठी फड पद्धत होती, पाटकरी पाळीप्रमाणे पाणी सोडायचा. ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना स्पितीतली कूल परकी वाटणार नाही.

आता हिशोब मांडा. पाणी ठरलेलं, म्हणून शेत ठरलेलं, म्हणून त्या शेतावर जगू शकणारी घरंही ठरलेली. अशा गावात बापाच्या तीन मुलांनी जमीन वाटून घेतली तर काय होईल? आपण ते आपल्याकडे पाहिलंय. वाटण्या होत होत सात-बाऱ्यावर एकराचे गुंठे झाले, बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या. पण आपल्याकडे गावाबाहेर निदान शहर तरी होतं. स्पितीत गावाबाहेर दगड होते. तिथे जमिनीचे तुकडे पडले असते तर दोन पिढ्यांत उपासमार झाली असती.

म्हणून त्यांनी जमीन वाटलीच नाही. सगळं थोरल्याला. थोरल्याचं लग्न झालं, त्याने कारभार हाती घेतला, की आईबाप मोठं घर सोडून शेजारच्या लहान घरात राहायला जातात. मोठं घर ते ‘खांगछेन’, लहान ते ‘खांगछुंग’. लहान घराच्या वाट्याला थोडीशी जमीन राहते, म्हाताऱ्यांच्या पोटापुरती. धाकटे मुलगे सात-आठ वर्षांचे झाले की गोंपात. मुलीचं लग्न झालं तर ती दुसऱ्या खांगछेनात जायची, नाही तर घरीच राहायची किंवा ‘चोमो’ म्हणजे भिक्षुणी व्हायची.

धाकट्यांनी लग्न करायचं नाही, म्हणजे गावात नवी चूल पेटणार नाही. घरांची संख्या तेवढीच राहते, पाण्याच्या पाळ्या तेवढ्याच राहतात. श्रद्धा खरीच होती, तिच्याबद्दल मला जराही शंका नाही, पण त्या श्रद्धेला शेताच्या हिशोबाचा भक्कम आधार होता. व्यवस्था किती व्यवहारी होती ते आणखी एका रिवाजातून कळतं. थोरला भाऊ मूलबाळ न होता गेला, तर गोंपातला भाऊ चीवर उतरवून घरी येऊ शकायचा, लग्न करून शेत आणि घर पुढे चालवायचा. गोंपाला त्यात काही वावगं वाटत नसे.

गोंपात गेलेला मुलगा घराला तुटत नसे. कीच्या गोंपाकडे खालून पाहिलं तर एकावर एक रचलेल्या पांढऱ्या खोल्यांची टेकडी दिसते. त्या खोल्या लामांच्या, आणि मागे बहुतेकदा एकेक घराणं असायचं. काका म्हातारा झाला की पुतण्या त्याच्या हाताखाली यायचा, अक्षर गिरवायचा, पाठांतर करायचा आणि पुढे त्याच खोलीत राहायचा. रोजच्या खाण्याचं धान्य घरून यायचं. उन्हाळ्यात शेतीच्या घाईत लामा घरी मदतीला, हिवाळ्यात गोंपात अभ्यासाला. लालुंगच्या लामाजींच्या खांद्यावर फावडं होतं ते असं.

शिवाय गावातली घरं स्पितीच्या पाच मोठ्या गोंपांना (की, धनकर, ताबो, तांग्युद आणि पिन खोऱ्यातला कुंगरी) धान्याचा हिस्सा देत. अडीअडचणीला गोंपाच्या कोठारातून धान्य उसनंही मिळे. पेरणीचा दिवस लामाने काढायचा, बाळाचं नाव लामाने ठेवायचं, आजाऱ्याच्या उशाशी पोथी लामाने वाचायची, मेलेल्याची वाट लामाने सोपी करायची. काही गावांत गोंपातले पोथ्यांचे गठ्ठे पाठीवर घेऊन गावकरी शेतांभोवती फिरतात, उभ्या पिकाला धर्मवचनांची प्रदक्षिणा घडावी म्हणून. आपल्याकडे पालखी शिवारातून जाते त्याच भावनेने.

ही पद्धत सगळ्यांना न्याय देणारी होती असं मात्र मी म्हणणार नाही. सात वर्षांच्या पोराला कुणी विचारत नव्हतं. आणि ज्या घरातले दोन कर्ते हात गोंपात बसले, तिथलं शेतातलं जास्तीचं काम बायकांच्या पाठीवर पडलं. आजही मटारच्या शेतात वाकलेल्या दिसतात त्या बहुतेक बायकाच. गोंपाच्या भिंतीवरचं सोनं पाहताना त्या खर्चाचा हा भाग मला विसरावासा वाटत नाही.

घरात पाऊल टाकल्यावर

गोंपाच्या आधी एक रात्र गावातल्या घरी राहा, हे मी प्रत्येकाला सांगतो. काझ्याच्या हॉटेलातून दिवसभरात लांगझा, हिक्किम, कोमिक उरकून परत येण्यापेक्षा देमुल, लांगझा किंवा लालुंगला घरगुती मुक्काम केव्हाही चांगला. देमुलमध्ये तर पाहुणे घराघरांत पाळीने ठेवतात, म्हणजे कमाई एकाच घरी साचत नाही. पाण्याला जो नियम, तोच पाहुण्यांना.

लातूर-सोलापूरकडच्या माणसाला स्पितीतलं घर लगेच ओळखू येतं, कारण ते माळवदच आहे. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर विलोच्या काटक्यांचा थर, त्यावर दाबून बसवलेली माती. आपल्या माळवदावर मिरच्या वाळतात, तिथल्या छपरावर कडेने सरपण आणि चाऱ्याचे भारे रचून ठेवलेले असतात, हिवाळ्याची बेगमी म्हणून. खालच्या मजल्यावर गुरं. त्यांची ऊब वर चढते. राहायच्या खोलीत मधोमध पत्र्याची शेगडी, तिला ‘तंदूर’ म्हणतात. धुराडं छपरातून बाहेर काढलेलं, पोटात शेणी आणि काटक्या. सगळं घर तिच्याभोवती बसतं, तिथेच जेवतं, थंडीत तिथेच झोपतं.

मी राहिलो त्या घरातल्या आजी रात्री सातूचं भाजलेलं पीठ घेऊन बसल्या. ते पीठ म्हणजे ‘त्साम्पा’. वाटीत थोडं पीठ, त्यावर लोण्याचा खारट चहा, आणि अंगठ्याने वाटी फिरवत फिरवत गोळा. दोन-तीन वेळा माझ्या वाटीतलं पीठ बाहेर सांडलं, तेव्हा आजींनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि चहा आधी, पीठ नंतर असं करून दाखवलं. चव म्हणाल तर आपल्या सातूच्या पिठाचीच, फक्त गुळाऐवजी मीठ.

त्या घराचा संडासही शेतीचाच भाग. वरच्या मजल्यावर एक खोली, जमिनीला चौकोनी भोक, बाजूला माती आणि राखेचा ढीग. पाणी वापरायचं नाही, वरून माती लोटायची. खालच्या खोलीत वर्षभर साठलेलं ते वसंतात शेतावर जातं. आपल्याकडे त्याला सोनखत म्हणत. जिथे झाड नाही, पालापाचोळा नाही, तिथे जमिनीचा कस शेकडो वर्षं त्यानेच टिकवलाय. म्हणून त्या भोकात टिश्यू, डायपर, सॅनिटरी पॅड टाकू नका. ते सगळं उद्या कुणाच्या तरी शेतात निघतं.

अंधारात डोळे स्थिरावू द्या

आता गोंपाच्या आत. ताबोपासून सुरुवात करावी. ताबोची स्थापना 996 सालची. त्या काळी पश्चिम तिबेटात गुगे नावाचं राज्य होतं आणि स्पिती त्याच्या अमलाखाली होतं. नवव्या शतकात तिबेटचं मोठं साम्राज्य कोसळलं, त्याबरोबर तिथल्या बौद्ध धर्माचीही घडी विस्कटली होती. ती पुन्हा बसवावी म्हणून गुगेच्या येशे-ओ या राजाने तरुणांना काश्मीरला शिकायला पाठवलं. परंपरा सांगते की एकवीस जण गेले आणि बहुतेक जण उष्णतेने आणि आजारांनी वाटेतच गेले. परतलेल्यांत एक होता रिनचेन झांगपो (958–1055). लोक त्याला ‘लोचावा’ म्हणजे अनुवादक म्हणून ओळखतात. अनुवादकाच्या नावाने गावोगावी मंदिरं सांगितली जातात, असा मान मला इतर कुठे आढळला नाही. पण त्याचं कारणही तेवढंच मोठं आहे. त्याने आणि त्याच्यासारख्यांनी संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेले, आणि पुढे आपल्याकडची नालंदासारखी विद्यापीठं उद्ध्वस्त झाली तेव्हा कित्येक ग्रंथ मूळ संस्कृतात उरलेच नाहीत. ते आज आहेत ते तिबेटी अनुवादात.

ताबो बाहेरून काहीच वाटत नाही. मातीचे बसके ठोकळे. पहिल्यांदा पाहणारा विचारतो, ‘हेच का?’ आत जा, आणि उभं न राहता खाली बसा. उजेड फक्त छतातल्या झरोक्यातून येतो. पाचेक मिनिटांनी भिंती हळूहळू पुढे सरकल्यासारख्या वाटतात, आणि दिसतं की डोक्याच्या थोडं वर, चहूबाजूंनी, भिंतीतून बाहेर आलेल्या मूर्ती बसल्या आहेत. तीसहून जास्त, माती-गिलाव्याच्या, प्रत्येकीची हाताची मुद्रा वेगळी, प्रत्येकीमागे रंगवलेलं प्रभामंडळ. मध्ये चार अंगांनी चार दिशांना तोंड करून बसलेला वैरोचन बुद्ध.

हे काय आहे? हे मंडल आहे. मंडल म्हणजे रंगीत वाळूची किंवा कापडावरची गोल-चौकोनी नक्षी, एवढंच आपल्याला माहीत असतं. ती नक्षी म्हणजे नकाशा असते : मध्यभागी एक बुद्ध, चार दिशांना चार, त्यांच्याभोवती त्यांचा परिवार. ताबोत तो नकाशा खोलीएवढा करून भिंतींवर उभा केलाय. म्हणजे दारातून आत आल्यावर आपण मंडल पाहत नसतो, त्याच्या आत उभे असतो. आपल्याला याची ओळख अजिबात नाही असं नाही. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, तीन ताळात, बुद्ध मधोमध आणि भोवती आठ बोधिसत्त्व असे नऊ घरांचे चौकोन कोरलेले आहेत. ते आठव्या शतकाच्या सुमाराचे. त्याच विचाराची वाट पुढे काश्मीरमार्गे इथवर आली.

मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात चित्रं आहेत. एका बाजूला बुद्धाचं चरित्र, दुसऱ्या बाजूला सुधन नावाच्या मुलाची यात्रा. सुधन हा व्यापाऱ्याचा मुलगा. ज्ञान हवं म्हणून तो मंजुश्री या बोधिसत्त्वाच्या सांगण्यावरून निघतो आणि पन्नासहून जास्त गुरूंना भेटतो. त्यांत भिक्षू आहेत, राजा आहे, नावाडी आहे, सुगंधी द्रव्यं विकणारा आहे, गणिका आहे, लहान मुलगा आहे. प्रत्येक जण म्हणतो, मला एवढंच माहीत आहे, पुढचं अमक्याला विचार. अवधूताचे चोवीस गुरू ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन आपली वाटते. चित्रांतले लोक पाहा : कुणी फेटा बांधलाय, कुणी घोड्यावर, कुणी घराच्या सज्जात. हजार वर्षांपूर्वीचे कपडे आणि घरं तिथे जशीच्या तशी आहेत.

ताबोला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. अजिंठ्यातलं काम थांबल्यानंतर पाच शतकांनी ताबोची भिंत रंगली, पण डोळ्यांची ठेवण, कंबरेची लय पाहिली की नातं कळतं. ज्या काश्मिरी कलावंतांच्या हातून ही परंपरा इथे आली, त्यांची चित्रं खुद्द काश्मीरमध्ये जवळपास उरली नाहीत. ती पाहायची तर ताबोला किंवा लडाखमधल्या अल्चीला यावं लागतं. आत फोटो काढायला बंदी आहे आणि मला ती बंदी मनापासून पटते. बॅटरी न्या, मंद उजेडाची, आणि हळूहळू फिरवा.

यापुढे बहुतेक मराठी प्रवासी अडखळतात ते भयानक देवतांपाशी. आपल्याकडे बौद्ध विहार म्हणजे शांत बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचं छायाचित्र, पांढरी वस्त्रं आणि त्रिसरण-पंचशील. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जो धम्म लाखोंनी स्वीकारला तो विवेकाचा, समतेचा, कर्मकांड नाकारणारा. त्या घरातून आलेला माणूस गोंपात येतो आणि समोर काय पाहतो? सुळे बाहेर काढलेली, कवट्यांची माळ घातलेली, ज्वाळांत उभी देवता. शेजारी आलिंगन दिलेलं जोडपं. ‘हा बुद्धाचा धर्म?’ हा प्रश्न मी तिथे दोनदा ऐकला आणि तो रास्त आहे.

उत्तर असं. स्पितीत आहे तो वज्रयान. महायानातूनच निघालेला, भारतातच घडलेला मार्ग. त्याचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर : राग, मोह, गर्व, आसक्ती, मत्सर यांना मारून टाकता येत नाही, पण त्यांचं रूपांतर करता येतं. जी ताकद रागात आहे तीच नितळ आरशासारख्या ज्ञानात बदलू शकते. पाच दिशांचे पाच बुद्ध या पाच विकारांचीच बदललेली रूपं मानली जातात. मग उग्र देवता म्हणजे कुणी राक्षस नव्हे, करुणेनेच घेतलेलं कठोर रूप, पोर विहिरीच्या काठाशी गेल्यावर आई ओरडते तसं. आणि आलिंगनातलं जोडपं म्हणजे प्रज्ञा आणि करुणा. एकटी प्रज्ञा कोरडी, एकटी करुणा आंधळी, दोन्ही एकजीव हव्यात. हे प्रत्येकाला पटावं असं नाही. नवयानी, म्हणजे बाबासाहेबांचा धम्म मानणाऱ्या, घरातल्या माणसाने ‘मला हे मान्य नाही’ म्हटलं तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. पण ‘हे काहीतरी अघोरी आहे’ म्हणून मागे फिरू नये, एवढं मला नक्की वाटतं.

गोंपाचे मुख्य भाग दोन. ‘दुखांग’ म्हणजे सभागृह, जिथे लामा ओळीने बसून पाठ करतात. ‘गोनखांग’ म्हणजे रक्षक देवतांची खोली, लहान, काळोखी. काही ठिकाणी गोनखांग बाहेरच्यांना बंद असतं, काही ठिकाणी स्त्रियांना. विचारून घ्या. बाहेर पांढरे स्तूप दिसतात ते ‘छोर्तेन’. वाटेवर मंत्र कोरलेल्या दगडांची रचलेली भिंत ती मणी-भिंत. दोन्हींना उजवी घालून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखं. वाऱ्यावरच्या पताकांचे पाच रंग ठरलेले असतात : निळा आकाशाचा, पांढरा वाऱ्याचा, लाल अग्नीचा, हिरवा पाण्याचा, पिवळा पृथ्वीचा. त्या दुकानातून घेऊन गाडीच्या आरशाला बांधू नका, उंचावर वाऱ्यात बांधण्यासाठी आहेत त्या.

बाकीचे गोंपा थोडक्यात. की, 4,166 मीटरवर, स्पितीतला सर्वांत मोठा, दलाई लामांच्या गेलुग परंपरेचा. 1841 साली जम्मूच्या डोग्रा फौजेने तो लुटला आणि तो पुन्हा उभा राहिला. त्याचा प्रमुख लोचेन तुल्कू हा रिनचेन झांगपोचाच अवतार मानतात. धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावर, झिजत चाललेल्या मातीच्या सुळक्यांवर गोंपा अक्षरशः टांगलेला आहे. 2006 साली जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत त्याचं नाव होतं. एका वेळी आत गर्दी करू नका म्हणतात ते उगाच नाही. कोमिकचा तांग्युद साक्य परंपरेचा, साडेचार हजार मीटरच्याही वर. पिन खोरं मात्र वेगळं : तिथे न्यिंगमा परंपरा आहे, तिच्यात लामा लग्न करू शकतात, म्हणून ‘धाकटा गोंपात, थोरला शेतात’ हे गणित तिथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

गणित बदललं

चाळीस-पन्नास वर्षांत हे सगळं हललं आहे. 1962 नंतर तिबेटची सीमा बंद झाली, व्यापार थांबला, तिबेटातल्या मोठ्या मठांशी असलेला संबंध तुटला. 1975 च्या जानेवारीत किन्नौरच्या भूकंपाने ताबोसकट अनेक जुन्या वास्तूंना तडे गेले. 1980 च्या दशकापासून हिरवा मटार आला. मैदानात मटार नसतो तेव्हा, ऑगस्टच्या सुमारास, स्पितीचा निघतो, म्हणून दिल्लीच्या बाजारात भाव मिळतो. सातूची शेतं मटारची झाली, घरात रोख पैसा आला, मुलं शिमला-चंदीगडला शिकायला गेली. धाकट्याला आता नोकरी आहे, गाडी आहे, पाहुण्यांचा धंदा आहे. गोंपात जाण्यावाचून गत्यंतर नाही असं राहिलं नाही.

जे मुलगे आजही भिक्षू होतात त्यांतले कितीतरी शिकायला कर्नाटकात, मुंडगोड आणि बैलकुप्प्याच्या मोठ्या मठांत जातात. कोल्हापूर-बेळगावकडच्या लोकांनी मुंडगोडला लाल झग्यातली पोरं पाहिली असतील. त्यांच्यात स्पितीचीही असतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पावसाची. माळवद बर्फासाठी केलेलं असतं : बर्फ पडलं की लाकडी फावड्याने खाली लोटायचं. संततधार त्याला सोसत नाही. 2023 च्या जुलैत असा पाऊस झाला की चंद्रताल सरोवराजवळ शेकडो पर्यटक अडकून पडले. तसं पाणी ताबोच्या छपरात मुरलं तर हजार वर्षांचा रंग ओघळतो. घरं सिमेंटची होत आहेत, कारण ती गळत नाहीत. पण हिवाळ्यात ती थंडगार पडतात आणि सरपण जास्त खातात. मातीचंच घर बांधा असं मुंबईत बसून सांगण्याचा मला अधिकार नाही.

जायचं कसं

जाताना शिमल्याकडून जा, मनालीकडून परत या. सरळ कारण : सराहन किंवा कल्पा, मग ताबो, मग काझा अशी उंची टप्प्याटप्प्याने वाढते आणि शरीराला सवय होते. मनालीहून एका दिवसात साडेचार हजार मीटरचा कुंझुम घाट ओलांडला तर डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं हे ठरलेलं. ताबोला दोन रात्री काढा, त्यासाठी चित्रांचं निमित्त आहेच. बसल्याजागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तर गोंपा राहू द्या, ताबडतोब खाली उतरा. गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. कुंझुमची वाट साधारण जून ते ऑक्टोबर खुली असते, शिमल्याकडची बहुतेक वर्षभर. भारतीयांना स्पितीसाठी परवाना लागत नाही.

लांगझात मुलं शंखाच्या आकाराचे दगड विकायला आणतात. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या टेथिस समुद्रातले जीवाश्म आहेत. विकत घेऊ नका, घेतले की डोंगर खणला जातो. प्लास्टिक परत आणा, तिथे ते टाकायला जागाच नाही. गोंपातल्या दानपेटीत यथाशक्ती टाका, पोथ्यांना आणि मूर्तींना हात लावू नका, बसताना पाय मूर्तीकडे करू नका.

आणि कुलूप दिसलं तर परत फिरू नका. खालच्या शेतात कुणालातरी विचारा. बहुधा लामाजी येईपर्यंत घरी चहाला बोलावतील. तो लोण्याचा, खारट असतो. चहा समजून प्यायलात तर विचित्र लागेल, पातळ सूप समजून प्या. एक रिवाज मात्र लक्षात ठेवा : कप रिकामा झाला की लगेच पुन्हा भरतात, प्रत्येक घोटानंतरही भरतात. पुरे झालं असेल तर कप भरलेलाच राहू द्या, आणि किल्ली घेऊन लामाजी दारात दिसले की उठता उठता पिऊन टाका.